बियाणं दुकानात मिळतं, मग बीज बँक कशाला?

२०२० च्या प्रजासत्ताकदिनाला राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ओळखीतल्या एका काकांनी मला विचारलं होतं, “मडक्यात बिया जपून ठेवल्या, एवढंच ना? आमची आजीसुद्धा ठेवायची.” विचारण्यात कुचकेपणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि मलाही तेव्हा चार वाक्यांच्या पुढे सांगता आलं नाही. दरवर्षी मे-जूनमध्ये कृषी सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात, बोगस बियाण्यांच्या बातम्या येतात आणि काकांचा प्रश्न पुन्हा आठवतो. पैसे टाकले की बियाणं मिळतं, तर डोंगराकडेच्या गावातल्या एका आदिवासी बाईने ते घरात का राखावं? आणि देशाने त्याची एवढी दखल का घ्यावी?

काकांचं एक म्हणणं आधीच मान्य करते. आजी ठेवायची. जवळपास प्रत्येकाची आजी ठेवायची. पण आईने ठेवलं नाही आणि आपण तर बियाणं ठेवायचं असतं हेही विसरलो. एका पिढीत सुटलेली ही गाठ पुन्हा बांधणं, हे राहीबाईंचं काम आहे.

राहीबाई कोण?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातला अकोले तालुका म्हणजे कळसूबाईचा परिसर. १,६४६ मीटरचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर इथलं. पश्चिमेला घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, तर पूर्वेला थोडं सरकलं की तोच पाऊस रोडावत जातो. जमीन उताराची, मुरमाड, तुकड्या-तुकड्यांची. भात, नागली (नाचणी), वरई, खुरासणी (कारळे) आणि परसातले वाल-घेवडे ही इथली जुनी पिकं.

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई राहतात. जन्म १९६४ चा, समाज महादेव कोळी. शाळेचं तोंड पाहिलं नाही. घरातला नातू आजारी पडला आणि बाजारातल्या फवारलेल्या भाजीनेच हे झालं असं त्यांच्या मनाने घेतलं. मग त्या जुन्या गावरान भाज्यांची बियाणी शोधायला लागल्या, असं त्या सांगतात. पुढे बाएफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेची साथ मिळाली, आजूबाजूच्या गावांतली माणसं जोडली गेली आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समितीतून हे काम घराबाहेर पसरलं. घरातल्या मडक्यांची बीज बँक झाली, म्हणजे शेतकऱ्यांनी बियाणं न्यायची आणि पीक आल्यावर परत करायची जागा. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या १०० महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, त्याच वर्षाचा नारीशक्ती पुरस्कारही मिळाला.

पुरस्कारांची यादी इथेच थांबवते. त्या यादीतून काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

वाण म्हणजे काय?

‘भात’ हे पिकाचं नाव, आडनावासारखं. त्या आडनावाखाली हजारो माणसं असतात, तशी भाताची हजारो वाणं असतात. अकोले तालुक्यातच काळभात, रायभोग, जिरवेल अशी नावं ऐकू येतात. काळभाताच्या लोंबीला काळसर कुसळं असतात, म्हणून तो काळभात. वाण म्हणजे एकाच पिकातला असा ठरावीक गुणांचा वंश. कोणी लवकर निसवतो, म्हणजे लोंबी बाहेर काढतो, कोणी वाऱ्यात लोळत नाही, कोणाचा भात शिजताना चार घरांना वास जातो.

आता बियाण्यांचे तीन प्रकार. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

पहिला प्रकार गावरान. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून, पेरून, पुन्हा निवडून घडवलेली ही वाणं. कोणा एकाचा शोध नाही. शेतात उभं राहिलं तर सगळी रोपं अगदी एका मापाची दिसत नाहीत, थोडं पुढं-मागं असतं.

दुसरा प्रकार सुधारित सरळ वाण. कृषी विद्यापीठात किंवा संशोधन केंद्रात तयार झालेलं, पण घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तरी तसंच येणारं. सोयाबीन, गहू, भाताची बरीच वाणं यात मोडतात. दुकानातलं प्रत्येक बियाणं संकरित असतं हा समज चुकीचा आहे.

तिसरा प्रकार संकरित. दोन वेगवेगळ्या शुद्ध वंशांचा मुद्दाम संकर करून तयार केलेलं पहिल्या पिढीचं बी. याचं पीक जोमदार आणि एकसारखं येतं. अडचण येते दुसऱ्या वर्षी. पत्त्यांच्या डावाचं उदाहरण घ्या. संकरित बियाणं विकणाऱ्याने पत्ते आधीच लावून ठेवलेले असतात, म्हणून पहिल्या डावात प्रत्येकाच्या हातात चांगली पानं येतात. त्याच पिकाचं बी राखून पेरलं की पत्ते पिसले जातात. एका रोपाला राजा, दुसऱ्याला दुर्री. काही रोपं उंच, काही खुजी, काही फळंच न धरणारी. बी मेलेलं नसतं, ते उगवतं, पण भरवशाचं राहत नाही. म्हणून संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

जनुकीय बदल केलेलं, म्हणजे दुसऱ्या जिवाचा गुण प्रयोगशाळेत आत घातलेलं बियाणं ही आणखी वेगळी गोष्ट. भारतात २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्याचा इथे संबंध येत नाही.

दुकान बंद पडलं तर?

संकरित बियाण्याला मी शत्रू मानत नाही. माझी काळजी दुसरी आहे. गावातल्या सगळ्यांनी एकच बी पेरलं की सगळ्यांचं नशीब एकाच दाण्यात बांधलं जातं.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून हेच झालं. गरिबांचं पोट बटाट्यावर आणि बटाटा बहुतेक एकाच वाणाचा. करप्याची बुरशी आली, एक झाड जसं सडलं तशी सगळीच सडली. त्या उपासमारीत सुमारे १० लाख माणसं गेली. जमीनदारी आणि सरकारी धोरणांनीही तितकाच घात केला, सगळा दोष बटाट्यावर टाकणं बरोबर होणार नाही. पण एकाच वाणावर विसंबण्याची किंमत काय असते, हे जगाला तिथे दिसलं.

उलट बाजूची गोष्ट ओडिशातली आहे. तिथल्या पूरक्षेत्रात शेतकऱ्यांनी एक स्थानिक भात राखला होता. उत्पन्न बेताचं, दाणा काही खास नाही. बाजाराच्या हिशेबाने हे वाण केव्हाच टाकून द्यायला हवं होतं. पण पाण्याखाली बुडालं तरी ते मरत नसे. शास्त्रज्ञांनी त्यातला तो गुण शोधला. पूर आला की हे रोप उंच वाढण्याची धडपड थांबवतं, ताकद राखून गप्प बसतं आणि पाणी उतरलं की पुन्हा उभं राहतं. हा गुण स्वर्णा या लोकप्रिय भातात आणला गेला आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ हे वाण भारतात शेतकऱ्यांसाठी आलं. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही ते तग धरतं. ज्या घरांनी ते ‘बिनकामाचं’ वाण राखलं, त्यांना पुढे काय होणार हे माहीत नव्हतं. उद्या कोणता गुण लागेल हे आज कुणालाच कळत नाही. म्हणून जितकी वाणं जिवंत तितके उद्याचे पर्याय.

दिल्लीत शीतगृह आहे ना?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. दिल्लीत राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, १९७६ मध्ये उभारलेला. तिथल्या जनुक पेढीत चार लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंशांवर ठेवलेले आहेत. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटावर डोंगराच्या पोटात २००८ मध्ये जगाची बीज तिजोरी सुरू झाली. सीरियातल्या युद्धामुळे तिथल्या संशोधन केंद्राला आपली बियाणी हाताशी राहिली नाहीत, तेव्हा २०१५ मध्ये याच तिजोरीतून त्यांनी ठेवलेले नमुने परत घेतले. म्हणजे शीतगृहं हवीतच, त्यावर माझा वाद नाही.

पण शीतगृहातलं बी आणि शेतातलं बी यांत शब्दकोशातला शब्द आणि बोलीतला शब्द यांइतका फरक आहे. कोशात शब्द सुरक्षित असतो, पण तो म्हातारा होत नाही तसा वाढतही नाही. बोलीतला शब्द रोज तोंडात घोळतो, नव्या माणसांबरोबर बदलतो. १९८० मध्ये गोठवलेल्या बियाण्याने त्यानंतरचा एकही दुष्काळ पाहिलेला नाही, एकही अवकाळी पाऊस सोसलेला नाही. शेतातलं वाण मात्र दरवर्षी नव्या हवेशी, नव्या किडीशी झुंजतं. जी रोपं तगतात त्यांचंच बी पुढे जातं. वाण हळूहळू बदलत्या हवामानाला सरावत राहतं.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. पाकिटावर नमुन्याचा क्रमांक, ठिकाण, तारीख लिहिता येते. ते कोणत्या उताराच्या जमिनीत घ्यायचं, बाळंतिणीला त्याची पेज का द्यायची, कोणत्या नक्षत्रात टाकलं तर कीड चुकते, ही माहिती पाकिटात बसत नाही. ती बाईच्या बोलण्यात असते आणि पीक उभं असेल तरच बोलणं होतं.

तज्ज्ञ याला ‘मूळ ठिकाणी संवर्धन’ म्हणतात. सोप्या शब्दांत, बी पेरून राखणं. बीज बँकेतली मडकी ही दोन हंगामांमधली विश्रांतीची जागा आहे, बी खरं जपलं जातं ते वावरात.

मडकं, राख आणि दाताखालचा आवाज

बी राखणं दिसतं तितकं सोपं नाही. वालाचं उदाहरण घेते, कारण वाल-घेवड्यांची मोठी विविधता राहीबाईंकडे आहे. पांढरा, तांबडा, काळा, ठिपक्यांचा, चपट्या शेंगेचा, टपोऱ्या दाण्याचा.

काम सुरू होतं वेल उभा असतानाच. निरोगी वेल हेरायचा, त्याच्या चांगल्या भरलेल्या शेंगांना हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी भाजीला तोडायच्या नाहीत. शेंग वेलावरच वाळू द्यायची. नंतर सोलताना सुरकुतलेला, भोक पडलेला, वेगळ्या रंगाचा दाणा बाजूला. भाताचं तसंच: मळणीनंतर ढिगातून मूठ उचलायची नसते, उभ्या पिकात फिरून लोंब्या निवडायच्या. बांधालगतच्या नाहीत, कारण तिथे शेजारच्या वाणाची भेसळ होण्याची शक्यता जास्त. मका, बाजरी, काकडी, भोपळा यांचं परागीकरण वाऱ्याने किंवा मधमाशीने होतं, त्यामुळे त्यांच्यात भेसळ फार पटकन होते. दोन वाणं एकमेकांपासून चांगली लांब लावावी लागतात.

मग वाळवणं. दाणा दाताखाली धरून चावायचा. दबला तर अजून ओलं आहे, कट्‌ आवाज होऊन तुटला तर वाळलं. या आवाजामागे पक्कं शास्त्र आहे. बियाण्यातला ओलावा १ टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट, असा बीजशास्त्रातला ढोबळ नियम आहे. शीतगृहात हे यंत्राने साधतात. कोंभाळण्यासारख्या गावात ऊन, मातीचं मडकं आणि घराचा गार कोपरा यांनी जमेल तितकं साधतात.

शेवटी राख. चुलीतली राख चाळून बियाण्यात मिसळली की दोन दाण्यांमधली जागा भरून जाते, भुंग्याला फिरायला वाट उरत नाही. राखेचे बारीक कण त्याच्या अंगावरचं मेणासारखं आवरण खरवडतात आणि तो कोरडा पडून मरतो. वर कडूनिंबाचा पाला, मडक्याच्या तोंडावर शेण-मातीचा लेप. आजीला ही कारणं ठाऊक होती की नाही, याने काही बिघडत नाही. तिची पद्धत बरोबर होती.

पेरणीआधी उगवण तपासायची. १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करायची, गोणपाट ओलसर ठेवायचं आणि आठवडाभरात किती कोंब आले ते मोजायचे. सोयाबीनमध्ये ७० च्या वर आले तर बी चांगलं. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या, दुबार पेरणीची वेळ आली. या गोणपाटाला खर्च काहीच येत नाही, तरी कितीतरी घरांतून ही सवय गेली.

बँकेचा व्यवहार कसा चालतो?

पैशाच्या बँकेसारखाच, फक्त रुपयाच्या जागी दाणा. शेतकऱ्याने हंगामाआधी बियाणं न्यायचं आणि पीक आल्यावर नेलं त्याच्या दुप्पट परत करायचं. एक किलो नागली नेली तर दोन किलो आणून द्यायची.

ऐकायला हे शंभर टक्के व्याज वाटेल. पण एका दाण्यापासून शेकडो दाणे येतात, त्यामुळे शेतकऱ्याच्या खळ्यातून एक पसा जास्त गेल्यासारखंच. बँकेला मात्र त्याने तीन गोष्टी मिळतात. पुढच्या वर्षी एकाऐवजी दोन घरांना देता येतं. कोणाचं पीक बुडालं तर तूट भरून निघते. आणि सर्वांत महत्त्वाचं, तेच वाण आता एका मडक्यात न राहता अनेक शेतांत असतं. एका घराला आग लागली, एका वावरात डुकरं घुसली, तरी वाण संपत नाही.

या बँकेतून ३२ पिकांची १२२ वाणं आसपासच्या शेतकऱ्यांपर्यंत जातात, असं तिच्याबद्दल नोंदलेलं आहे. ‘बिया ठेवल्या’ आणि ‘बीज बँक उभी केली’ यांतलं अंतर या आकड्यात आहे. बिया एकटीला ठेवता येतात. बँकेसाठी दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसावं लागतं, “तुझ्या सासूकडे तो काळा घेवडा होता, आहे का अजून?” असं विचारावं लागतं, मिळालेल्या मूठभर दाण्यांची नीट निगा राखून ते वाढवावे लागतात, परत न करणाऱ्याला पुन्हा आठवण द्यावी लागते आणि तरीही संबंध तुटू द्यायचे नसतात. संवर्धनाच्या कामातला हा भाग छायाचित्रात येत नाही. नेतृत्व म्हणतात ते मला इथे दिसतं.

हे बाईचंच काम का?

काही जणांना यात बाईला मखरात बसवल्यासारखं वाटतं. ‘धरणीमाता, बीजमाता’ असं म्हणून कामाचा भार तिच्यावरच टाकायचा, ही भीती खोटी नाही. म्हणून कारण नीट समजून घ्यायला हवं.

घरात कामाची जी वाटणी झाली, त्यातून बियाणं बाईच्या हाती आलं. नांगर, बाजार, कर्ज पुरुषाकडे. निवड, वाळवण, साठवण, परसबाग आणि चूल बाईकडे. त्यामुळे कोणतं वाण लवकर शिजतं, कोणाची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, कोणत्या दाण्याला भुंगा आधी लागतो, हे तिला कळतं. वाण निवडण्याचे तिचे निकष क्विंटलवर थांबत नाहीत, ताटापर्यंत जातात. नागलीचंच पाहा. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात १० च्या आसपास. विक्रीच्या हिशेबात नागली हरते, तान्ह्या लेकराच्या आईच्या हिशेबात जिंकते.

पण ज्ञान तिचं असलं तरी कागद तिचा नसतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शेतजमिनीच्या वहिवाटदारांपैकी बायका जेमतेम १४ टक्के. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे पीककर्ज नाही, योजनांच्या यादीत नाव नाही, बहुतेकदा प्रशिक्षणाचं बोलावणंही नाही. त्यात आदिवासी असणं आणि अक्षरओळख नसणं. ज्या व्यवस्थेने राहीबाईंना ‘शेतकरी’ म्हणूनही नीट मोजलं नसतं, त्या व्यवस्थेतले शास्त्रज्ञ त्यांच्या अंगणात येऊन वाणांची नोंद करू लागले. मखरात बसवण्यापेक्षा ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्या एकट्याही नाहीत. ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यात परोजा समाजाच्या कमला पुजारी यांनी भाताची शंभरावर स्थानिक वाणं जपली. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्या गेल्या. मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यात बैगा समाजाच्या लहरीबाईंनी कुटकी-कोदोसारख्या भरडधान्यांची सुमारे १५० वाणं आपल्या घरात गोळा केली. तीन राज्यं, तीन भाषा, तीन समाज, पण जमीन सगळीकडे डोंगराची. जिथे मोठ्या बाजाराचं बियाणं नीट रुजलं नाही, तिथेच हे जुनं धन टिकलं.

पण याने देशाचं पोट भरेल का?

सरळ उत्तर देते. पाणी, खत आणि सपाट काळी जमीन असेल तर सुधारित किंवा संकरित वाण गावरानापेक्षा जास्त पिकतं. हे नाकारणं खोटेपणा होईल. साठच्या दशकातल्या धान्यटंचाईतून देश बाहेर आला, त्यात नव्या वाणांचा मोठा वाटा होता. सगळ्यांनी उद्यापासून गावरानच पेरा, असं मी म्हणत नाही. राहीबाईंच्या कामाचा तसा अर्थ काढणंही बरोबर नाही.

पण ती नवी वाणं आली कुठून? हरितक्रांतीच्या गव्हाचं बुटकेपण जपानच्या नोरिन-१० मधून आलं आणि नोरिन-१० मध्ये ते दारुमा या जुन्या जपानी गव्हाकडून. १९६६ मध्ये आलेल्या आयआर-८ या प्रसिद्ध भाताचा बुटकेपणा तैवानमधल्या एका स्थानिक वाणाचा. नव्या वाणाची इमारत जुन्या वाणांच्या विटांनीच बांधतात. विटाच संपल्या तर पुढची इमारत कशाची बांधणार?

शिवाय सगळी जमीन काळी आणि सपाट नाही. अकोले तालुक्याच्या उतारावर, जिथे खत पहिल्या पावसात वाहून जातं आणि पंपाला पाणी नाही, तिथे हिशेब वेगळा लागतो. पीक थोडं कमी आलं, पण बियाणं-खत-औषधाचा खर्च नव्हता, कर्ज नव्हतं आणि वाईट वर्षीही चार पायल्या घरात आल्या. सरासरी उत्पन्नाच्या तक्त्यात ‘वाईट वर्ष’ दिसत नाही, घराला मात्र तेच वर्ष आठवतं.

आणखी एक भाबडा समज: गावरान म्हणजे आपोआप रोगमुक्त, औषधी, पौष्टिक. तसं नसतं. काही गावरान वाणं रोगाला झटकन बळी पडतात, काही चवीला साधीच असतात. प्रत्येक वाणाचा गुण तपासूनच सांगायला हवा. अवास्तव दावे केले तर पहिल्याच अपेक्षाभंगात लोक पाठ फिरवतात आणि नुकसान या कामाचंच होतं.

कायद्याने हे चालतं का?

चालतं. ‘घरचं बी विकलं तर गुन्हा होतो’ ही अफवा मी स्वतः अनेकदा ऐकली आहे. भारतात २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखायचा, पेरायचा, पुन्हा पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क आहे. कायद्याने संरक्षण दिलेल्या वाणाचं असलं तरी. अट एवढीच की असं बियाणं पिशवीत भरून, त्या वाणाचं लेबल लावून, ब्रँड म्हणून विकायचं नाही.

हा हक्क कागदापुरता नाही, हे गुजरातच्या बटाट्याच्या प्रकरणात दिसलं. २०१९ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने आपलं नोंदणीकृत वाण लावल्याबद्दल तिथल्या काही शेतकऱ्यांवर मोठ्या नुकसानभरपाईचे दावे लावले. देशभरातून विरोध झाला, शेतकरी संघटनांनी याच कलमावर बोट ठेवलं आणि कंपनीने दावे मागे घेतले.

याच कायद्यात शेतकऱ्यांना आपलं पारंपरिक वाण स्वतःच्या किंवा गावाच्या नावे नोंदवता येतं आणि वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना व समूहांना दरवर्षी पुरस्कार दिले जातात. नोंदणीचा फायदा व्यवहारातला आहे. उद्या एखाद्या कंपनीने काळभातातला गुण घेऊन नवं वाण काढलं, तर मूळ कोणाचं हे दाखवायला कागद लागतो. कागद नसेल तर गावाला वाटा मागता येत नाही.

आता अडलंय कुठे?

दोन ठिकाणी. पहिली अडचण मागणीची. गावरान वाण पेरणाऱ्याला त्याचा वेगळा भाव मिळत नाही तोवर ते परसबागेच्या बाहेर फारसं येणार नाही. गिरणीवर गेलेला काळभात दुसऱ्या तांदळात मिसळला गेला की त्याचं नाव तिथेच संपतं. शहरातल्या ग्राहकाने दुकानदाराला ‘तांदूळ द्या’ म्हणण्याऐवजी वाणाचं नाव घेऊन विचारलं, तर त्या एका प्रश्नाचं काम मोठं होतं. बी खाल्लं गेलं तरच पेरलं जातं.

दुसरी अडचण माणसांची. ज्या बायकांना वाणं ओळखता येतात त्या साठीच्या पुढे गेल्या आहेत आणि त्यांच्या सुना-मुली पावसाळा संपला की कामासाठी नारायणगाव, नाशिक, पुण्याकडे जातात. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोशाला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपयांची. पिकांच्या स्थानिक वाणांपासून सागरी जैवविविधतेपर्यंत बरंच काही त्यात आहे. त्यातला पैसा कपाटं आणि संगणकांवर किती जातो आणि गावातल्या बीज समितीत बसणाऱ्या तरुण मुलीच्या मानधनावर किती, याकडे माझं लक्ष आहे. ती मुलगी गावात टिकली तर पुढच्या जूनमध्ये मडकं उघडायला कोणीतरी असेल.

काका परवा भेटले होते. त्यांच्या बाल्कनीत वालाचा वेल चढलाय, मीच दिलेल्या पाच दाण्यांचा. शेंगा भरल्यात आणि घरात भाजीसाठी भुणभुण चालू आहे. मी त्यांना सांगितलं, खालच्या चांगल्या सात-आठ शेंगांना दोरा बांधून ठेवा, त्या तोडू नका. वाळल्या की पाच दाण्यांचे दहा परत द्यायचेत.